अस्थींचे गोत्र

जुन्या गोव्यात पवित्र टेकडीवर जांभ्या दगडाचा एक मनोरा अर्धवट ढासळलेल्या स्थितीत उभा आहे. ऑगस्टिन पंथाच्या साधूंनी १५९७ ते १६०२ या काळात बांधलेल्या भव्य मंदिराचा तेवढाच भाग आज आकाशात डोके वर काढून आहे. १८३५ मध्ये धर्मसंघांना गोव्यातून जावे लागले आणि वास्तू ओस पडली. १८४२ मध्ये तिचे छत कोसळले, १९३१ मध्ये मनोऱ्याचा दर्शनी भाग पडला. त्याची घंटा तेवढी फिरत फिरत पणजीच्या टेकडीवरील चर्चमध्ये जाऊन पोहोचली आणि अद्याप वाजते. या पडक्या वास्तूच्या मातीतून २००४ मध्ये पुरातत्त्व खात्याला एक हाड सापडले. त्या हाडाने आम्हांस गेली कित्येक वर्षे एका प्रश्नात गुंतवून ठेवले आहे.

२०२१ च्या जुलै महिन्यात भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्या अवशेषाचा एक भाग जॉर्जिया देशाच्या राजधानीत समारंभपूर्वक सुपूर्त केला. पुढे काही महिन्यांनी फोंडा तालुक्यातील एका देवस्थानच्या अग्रशाळेत आम्ही चार मंडळी आरतीनंतर बोलत बसलो असता हा विषय निघाला. मंडळींत एक वृद्ध वेदसंपन्न गृहस्थ होते. त्यांनी ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, "चारशे वर्षांपूर्वीच्या हाडाला नाव चिकटवून कोणाचे कल्याण झाले? आपण तर अस्थी तीन दिवसांत गोळा करून पाण्यात सोडतो, त्या कशासाठी? काही मागे राहू नये म्हणूनच ना?" प्रश्न उपहासाचा नव्हता. आम्ही त्या दिवशी काही तरी उत्तर दिले, पण ते आमचे आम्हांसच पटले नाही. वकिलाला न पटलेले उत्तर फार काळ छळते. हा लेख त्या छळाचे फळ आहे.

प्रथम ती हकीकत. कॅथोलिक साधूंच्या मठात जिच्या अस्थी पूज्य म्हणून ठेवल्या गेल्या ती स्त्री कॅथोलिकही नव्हती आणि पोर्तुगीजही नव्हती. जॉर्जियातील काखेती राज्याची राणी केतेवान ही पूर्वेकडील सनातनी ख्रिस्ती संप्रदायाची. इराणच्या शाह अब्बासाने तिला ओलीस म्हणून शिराझला कित्येक वर्षे अडकवून ठेवले आणि धर्म सोडण्यास सांगितले. तिने नकार दिला. १६२४ च्या सप्टेंबरात तापविलेल्या सांडशींनी तिला हालहाल करून ठार मारण्यात आले. आमच्या वाचकांना येथे १६८९ मध्ये तुळापुरास जे घडले त्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. देश आणि धर्म निराळे असले तरी अशा मरणांची जात एकच असते. शिराझमध्ये त्या वेळी ऑगस्टिन पंथाचे साधू होते. त्यांनी तिचे अवशेष गुप्तपणे हस्तगत केले. काही भाग तिच्या पुत्राकडे, राजा तेइमुराझकडे पोहोचविला आणि काही भाग १६२७ मध्ये गोव्यास आणला. जॉर्जियात गेलेला भाग पुढे अराग्वी नदीत पडून नाहीसा झाला अशी तेथील परंपरा आहे. आमच्या वेदसंपन्न मित्रांना हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "मग तिचे अर्धे विसर्जन झालेच म्हणायचे."

गोव्यातील भाग मठाच्या सभागृहालगतच्या प्रार्थनास्थानी, दुसऱ्या खिडकीपाशी एका पेटीत ठेवला असल्याचे जुन्या पोर्तुगीज कागदांत नमूद होते. पण खिडकी असलेली भिंतच पडली तर कागद काय करील? १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जॉर्जियाचे आणि भारताचे लोक हा शोध घेत होते. सापडले ते एका हाडाचे तुकडे. त्यांवर नाव कोरलेले नव्हते. आता हे हाड राणीचेच कशावरून? तो मठ होता. शेकडो माणसे तेथे पुरली गेली असतील. या ठिकाणी आमच्या व्यवसायातील माणूस कान टवकारतो, कारण त्याच्या जन्माचा धंदा 'कशावरून' या एकाच शब्दावर चालतो.

हाडावरून माणूस ओळखण्याचे जे शास्त्र गेल्या शे-दीडशे वर्षांत उभे राहिले त्यास न्यायवैद्यक मानवशास्त्र म्हणतात. त्याची रीत पाहता आमच्या मनात आदर दाटतो आणि थोडी भीतीही वाटते. सांगाडा समोर आला की तज्ज्ञ पहिला प्रश्न विचारतो तो, हे हाड माणसाचेच काय, हा. रानात सापडलेल्या किती तरी 'प्रेतां'चा निकाल येथेच लागतो. ती डुकराची किंवा वासराची निघतात. मग स्त्री की पुरुष. यासाठी कवटीपेक्षा कंबरेच्या हाडांवर अधिक विश्वास ठेवतात. प्रसूतीची वाट मोकळी असावी म्हणून निसर्गाने स्त्रीचा कटिभाग रुंद घडविला, पुढच्या बाजूस दोन हाडे मिळतात तेथील कोन अधिक उघडा ठेवला, मागची खाच पसरट ठेवली. आईपणाची शक्यता हाडात अशी लिहून ठेवलेली असते, मग ती स्त्री प्रत्यक्षात आई झालेली असो वा नसो. कवटीत पुरुषाच्या भुवयांवरील कड आणि कानामागील उंचवटा सामान्यतः ठळक असतो. सामान्यतः हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे.

वयाचा हिशेब आणखी मनोवेधक आहे. लहानपणी तो दातांवरून होतो. कोणता दात कधी येतो आणि त्याचे मूळ कधी पुरे होते याला बरेचसे ठरलेले वेळापत्रक असते. पुढे लांब हाडांची टोके मधल्या दांड्याशी सांधली जातात, एकेक करून, ठरावीक क्रमाने. सर्वांत शेवटी सांधते ते गळ्याखालच्या हाडाचे, ज्याला आपले जुने वैद्य जत्रु म्हणत, छातीकडील टोक. ते पंचविशीच्या आसपास, कधी त्याहूनही उशिरा पुरे होते. म्हणजे कायद्याने माणूस अठराव्या वर्षी सज्ञान होतो, पण त्याचा सांगाडा आणखी काही वर्षे अज्ञानच राहतो! तिशीनंतर मात्र हाड वाढत नाही, झिजते. आणि झिजेचा हिशेब वाढीइतका नेमका करता येत नाही. म्हणून साठीच्या माणसाचे वय सांगताना प्रामाणिक तज्ज्ञ दहा-पंधरा वर्षांची मोकळीक मागून घेतो.

उंचीचे गणित मांडीच्या व नडगीच्या हाडांच्या लांबीवरून करतात. यासंबंधीची एक हकीकत प्रत्येक न्यायाधीशाने मेजावर लिहून ठेवावी अशी आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरात पडलेल्या अमेरिकन सैनिकांची ओळख पटविण्याचे काम मिल्ड्रेड ट्रॉटर या विदुषीने केले आणि त्या आधारावर गोल्डीन ग्लेसर यांच्यासह १९५२ मध्ये उंचीची सूत्रे प्रसिद्ध केली. ती जगभर प्रमाण मानली गेली. चाळीस-एक वर्षांनंतर इतर संशोधकांच्या ध्यानात आले की, नडगीचे हाड मोजताना घोट्याकडे खाली उतरलेले टोक मापातून सुटले होते. मापाची रीत लिहिली होती एक आणि प्रत्यक्ष मोजले होते दुसरे. परिणामी त्या सूत्राने उंची दोन-तीन सेंटिमीटर जास्त येई. बाईंच्या विद्वत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु तज्ज्ञाने शपथेवर सांगितले की प्रश्न संपला, असे मानणाऱ्यांनी हे सेंटिमीटर विसरू नयेत.

या शास्त्राच्या कीर्तीचा एक मोठा खटला आपल्याकडच्या एका माणसावर झाला हे थोड्यांना ठाऊक असेल. मुंबईत शिकलेला बक रक्स्टन हा पारशी डॉक्टर इंग्लंडात लँकेस्टर येथे व्यवसाय करी. १९३५ च्या सप्टेंबरात त्याची पत्नी आणि घरची मोलकरीण नाहीशा झाल्या. महिनाअखेरीस स्कॉटलंडमध्ये मॉफट गावाजवळच्या एका ओढ्यात दोन स्त्रियांच्या देहांचे तुकडे सापडले. मारणारा शरीरशास्त्र जाणणारा होता. ओळख पटेल असे सारे त्याने कापून काढले होते. मोलकरीण तिरळी होती म्हणून तिच्या चेहऱ्यावरचे डोळेच नाहीसे केले होते. ग्लाइस्टर आणि ब्रॅश या प्राध्यापकांनी ते तुकडे जुळवून दोन सांगाडे उभे केले. मग डॉक्टरच्या पत्नीच्या छायाचित्रावर कवटीचे छायाचित्र त्याच मापाने व त्याच कोनात ठेवून पाहिले. कपाळ, डोळ्यांच्या खोबण्या, हनुवटी जागच्या जागी बसल्या. ज्या वर्तमानपत्रात तुकडे गुंडाळले होते त्याची ती आवृत्ती केवळ लँकेस्टर-मोरकॅम भागापुरती निघालेली होती, हा पुरावाही तितकाच बोलका ठरला. १२ मे १९३६ रोजी रक्स्टनला फाशी झाली. आम्हांस या खटल्यात एक गोष्ट विशेष वाटते. खुनी माणसाने देह नष्ट करण्याची जेवढी घाई केली त्याहून अधिक मेहनत नाव नष्ट करण्यासाठी घेतली. नाव राहिले की देह परत येतो, हे त्याला पक्के कळले होते.

केतेवान राणीच्या हाडाला हे उपाय चालण्यासारखे नव्हते. तिचे छायाचित्र कोठून आणणार, आणि हाताच्या तुकड्यांवरून कवटी कशी उभारणार? हा गुंता सुटला हैदराबादेत. तेथील पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी हाडाचा थोडा भाग चूर्ण करून त्यातील डीएनए वेगळा केला. त्यातही त्यांनी मुख्यत्वे एक विशिष्ट अंश पाहिला, जो अपत्याला केवळ आईकडून मिळतो. आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून. आपण गोत्र बापाकडून सांगतो, हे मातृगोत्र झाले. या हाडाचे मातृगोत्र असे निघाले की भारतीय उपखंडातील २२,००० हून अधिक नमुन्यांत ते एकदाही आढळले नव्हते आणि जॉर्जियातील थोडे नमुने तपासले तर त्यांत ते मिळाले. हाड स्त्रीचे असल्याचेही दिसून आले. गोव्यातील एका पडक्या मठात, कागदात सांगितलेल्या स्थळी, जॉर्जियाकडच्या मातृवंशाची एक स्त्री! शास्त्रज्ञांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला तेव्हा लेखाच्या मथळ्यातच 'बहुधा' हा शब्द घातला: हा अवशेष बहुधा राणी केतेवानचा आहे. त्या एका शब्दासाठी आम्ही त्यांना मनोमन वंदन केले. मातृगोत्र एका स्त्रीचे नसते, तिच्या आईचे, मावशीचे, बहिणीचे, आणि त्या सर्वांच्या पुत्रांचेही असते. नाव ठरले ते हाडाच्या आणि कागदाच्या एकत्रित साक्षीने. दोहोंपैकी एकाने एकट्याने ते ठरले नसते.

येथे आमच्या मनात एक तुलना येते, ती देवळाशी संबंध असलेल्या वाचकांना परकी वाटणार नाही. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीहून मंगेश प्रियोळास आला, वेर्ण्याहून महालसा म्हार्दोळास, केळशीहून शांतादुर्गा कवळ्यास. रात्रीच्या अंधारात, नदी ओलांडून, जिवावर उदार होऊन आपल्या पूर्वजांनी देव हलविले. मंगेशीला जो देव आहे तो कुठ्ठाळीचाच कशावरून, असे कोणी आम्हांस विचारले तर आम्ही पाषाणाची परीक्षा करणार नाही. आम्ही म्हणू, ज्यांनी उचलला आणि ज्यांनी ठेवला ते हात एकच होते, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत पूजा चालू आहे. कायद्याच्या भाषेत ही ताब्याची साखळी होय. ती अखंड असेल तर वस्तूची ओळख तिच्यातून सिद्ध होते. शिवाय देवाची ओळख दगडात नसतेच, प्रतिष्ठेत असते. मूर्ती भंगली तर नवी घडते आणि देव तोच राहतो. हाडाचे उलट आहे. ज्या साधूंनी ते शिराझहून आणले त्यांची साखळी १८३५ मध्ये तुटली. सेवेकरी गेले, भिंत पडली, घंटा दुसऱ्या टेकडीवर गेली. साखळी तुटल्यावर देवाची ओळख सांगणे कठीण होईल. हाडाची मात्र सांगता येते, कारण ती त्याच्या आतच आहे. हे आम्हांस मोठे विलक्षण वाटते. जी गोष्ट आपण क्षणभंगुर म्हणून तिसऱ्या दिवशी पाण्यात सोडतो तिच्यात नाव इतके चिवटपणे टिकून राहावे!

आपल्या धर्माने अस्थींना तुच्छ मानलेले नाही, हे येथे सांगितले पाहिजे. आश्वलायन गृह्यसूत्रात अस्थिसंचयनाची रीत दिली आहे: अंगठा आणि अनामिका यांनी एकेक अस्थी उचलावी, आवाज होऊ न देता कुंभात ठेवावी, पायांपासून आरंभ करून मस्तकाशी संपवावे. आवाज होऊ न देता! मानवशास्त्रज्ञही सांगाडा टेबलावर शरीरक्रमाने मांडतो. त्याला मोजायचे असते, आपल्याला निरोप द्यायचा असतो, परंतु बोटांची हळुवारता एकच. आणि देह मिळालाच नाही तर? परदेशी गेलेला, बुडालेला, रणात पडलेला? त्यासाठी पालाशविधी आहे. पळसाच्या ३६० देठांचा पुतळा करून त्यालाच अग्नी द्यावयाचा. याज्ञवल्क्यस्मृती आणि चरक माणसाच्या अस्थी ३६० मोजतात (सुश्रुत ३०० म्हणतो, आजचे शास्त्र प्रौढ माणसाच्या २०६ मोजते), तेव्हा हा आकडा सहज आलेला नाही. हाड नसेल तर हाडाइतके देठ. गोत्र माहीत नसेल तर काश्यप गोत्र उच्चारावे. ज्याचे कोणीच नाही त्याच्यासाठीही तर्पणाच्या अखेरीस पाणी सोडलेले आहे. म्हणजे नावावाचून, देहावाचून, गोत्रावाचून मृताचे ऋण फेडण्याची सोय आपल्या शास्त्राने करून ठेवली आहे. मग वेदसंपन्न मित्रांचा प्रश्न अधिकच टोकदार होतो. ऋण असे फिटत असेल तर हाड दळून नाव शोधण्याचा खटाटोप कशाला?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर आम्हांस पानिपतात सापडते. १७६१ च्या जानेवारीत युद्धानंतर सदाशिवरावभाऊंच्या देहाचा शोध झाला. शुजाउद्दौल्याच्या पदरच्या काशीराज पंडिताने त्याची हकीकत लिहून ठेवली आहे. शिर नसलेल्या एका धडावरील खुणा पाहून ते भाऊंचे असे ठरविण्यात आले आणि अग्निसंस्कार झाला. क्रिया झाली, शास्त्र पूर्ण झाले. तरीही पुण्यास पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही, मरेपर्यंत नाही. पुढे तोतया उभा राहिला. 'भाऊ जिवंत आहेत' या एका वाक्यावर किती तरी माणसे त्याच्यामागे गेली. कोकणातील किल्ले त्याच्या हाती पडले, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन होईपर्यंत राज्य हादरत राहिले. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या ज्या घरांतील माणसे त्या रणात पडली त्यांच्याकडे ही कहाणी पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळ्या रूपांत सांगितली जात असेल. आमच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की, संस्काराने मृताचे समाधान होत असेल, परंतु जिवंतांच्या जगात एक रिकामी जागा उरते आणि त्या जागेत लबाड माणूस शिरतो. नावाचा निकाल लागणे ही मृताहून अधिक जिवंतांची गरज आहे.

मग हे उत्तर पुरे का? काही वर्षे आम्हांस ते पुरे वाटत होते. एका प्रकरणाने ते अपुरे ठरविले.

आमच्याकडे एक बाई येत. नवरा कामासाठी म्हणून परमुलखात गेला तो परतला नाही. सात वर्षे ज्याची वार्ता त्याच्या माणसांना नाही तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार, तसे म्हणणाऱ्यावर पडतो. पूर्वी १८७२ च्या साक्षीच्या कायद्याचे १०८ वे कलम होते, आता २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे १११ वे आहे. शास्त्र सामान्यतः बारा वर्षे थांबावयास सांगते. बाई कायद्याची सात संपवून शास्त्राच्या बारांची वाट पाहत होत्या. कुंकू लावीत, पण सणाला नाही. असा एक मधला मार्ग त्यांनी स्वतःच काढला होता. अकराव्या वर्षी एका बंद पडलेल्या खाणीत सांगाडा सापडला. पुरुषाचा, वय जुळते, उंची जुळते. त्यांना बोलावणे आले. मुलाने रक्त दिले. अहवाल येईपर्यंत काही महिने गेले. त्या महिन्यांत बाईंनी पळसाच्या विधीसाठी भटजींशी बोलून ठेवले होते, कारण मिळाली तर खरी हाडे, नाही तर देठ, असा त्यांचा हिशेब होता.

अहवाल आला. तो माणूस त्यांचा नवरा नव्हता. आम्ही तो वाचून दाखविला. आम्हांस वाटले, बाई एक तर रडतील किंवा हायसे वाटून उठतील. त्या बराच वेळ बसून राहिल्या आणि मग म्हणाल्या, "वकीलबाब, मागीर ह्या हाडांचें कोण करतलो?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. कायद्याच्या पुस्तकात ते शोधता येते, पण जे मिळते ते लहान आहे. १९९५ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की प्रतिष्ठेचा हक्क मृतदेहालाही पोहोचतो. प्रेताची विटंबना हा गुन्हा आहे. बेवारस देहाला योग्य संस्कार मिळावा हेही मान्य झाले आहे. परंतु मूर्तीला आपला कायदा व्यक्ती मानतो, तिच्या नावे दावा चालतो, तिचा वहिवाटदार नेमता येतो. मृत माणसाला तो व्यक्ती मानीत नाही. खाणीतल्या त्या माणसाच्या वतीने 'माझे नाव शोधा' असा अर्ज करणारा कोणी नव्हता. बाईंची बाजू संपताच आमचे वकीलपत्रही संपले. पोटपाण्याच्या धंद्याला ही मर्यादा असते, तिची लाज वाटून उपयोग नाही, तरी वाटते.

बाईंच्या प्रश्नात आम्हांस जे दिसले ते असे. जिवंतांची गरज हाच जर नाव शोधण्याचा आधार असेल, तर ज्याला रडणारे कोणी नाही त्याचे नाव शोधण्याचे कारणच उरत नाही. आणि मारणाऱ्याला हेच हवे असते. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत हजारो माणसे नाहीशी केली गेली. १९८४ पासून क्लाइड स्नो या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने तेथील तरुण विद्यार्थ्यांना हाताशी धरून निनावी थडगी उघडावयास आरंभ केला, कवट्यांतील गोळ्यांची भोके न्यायालयासमोर मांडली. तरीही नाहीशा झालेल्यांच्या मातांपैकी एका गटाने हाडे ओळखून घेण्यास ठाम विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, आम्ही हाडे घेऊन पुरली की सरकार म्हणणार प्रकरण मिटले. आमची मुले जिवंत नेली, आधी नेणाऱ्यांची नावे सांगा. प्रथम वाचताना आम्हांस हा हट्ट वाटला. आज वाटत नाही. त्या मातांनी नावाचे महत्त्व नाकारले नव्हते, तर मेलेल्याच्या नावाबरोबर मारणाऱ्याचे नावही त्याच कागदावर मागितले होते. दुसऱ्या मातांनी हाडे घेतली, पुरली, त्यांवर फुले वाहिली. त्यांनाही आम्ही दोष देऊ शकत नाही. बोस्नियात १९९५ च्या स्रेब्रेनित्सा येथील हत्याकांडानंतर मारेकऱ्यांनी पुरावा लपविण्यासाठी यंत्रांनी थडगी उकरून देह दुसरीकडे हलविले, त्यामुळे एकाच माणसाची हाडे दोन-तीन खड्ड्यांत सापडू लागली. डीएनएने हजारोंची ओळख पटली, परंतु घरच्यांपुढे नवा पेच आला: हाती आलेली चार हाडे आता पुरायची, की उरलेली मिळेपर्यंत थांबायचे? आमच्या अशिलाच्या सात आणि बारा वर्षांसारखाच तो पेच.

वेदसंपन्न मित्रांना पुन्हा भेटलो तेव्हा आम्ही आमचे म्हणणे मांडले. तर्पणाचे पाणी आपले ऋण फेडते. ते आपल्याकडून त्यांच्याकडे जाते. नाव हे त्यांचे स्वतःचे होते, ते आपल्या दानाचा विषय नाही. कोणी ते हिरावून घेतले असेल किंवा काळाने झाकले असेल, तर ते परत करणे ही भिक्षा नव्हे, ठेव परत करणे आहे. आणि ठेव परत मागणारा कोणी आला नाही म्हणून ती आपली होत नाही, हे तर आपल्या स्मृतिकारांनी निक्षेपाच्या प्रकरणात सांगितले आहे. मित्रांनी मान हलविली, पण लगेच विचारले, "आणि त्यासाठी हाड दळायचे? ते हाड तिला देव मानणाऱ्यांचे होते." हा आक्षेप आम्ही पुरता खोडू शकलो नाही. चूर्ण केलेला अंश परत येत नाही. जेवढ्यावाचून चालणारच नाही तेवढेच घ्यावे, आणि ज्यांची ती श्रद्धा आहे त्यांना विचारून घ्यावे, याहून पुढे आमची बुद्धी जात नाही. जॉर्जियाच्या लोकांना तो अवशेष २०१७ मध्ये दर्शनासाठी मिळाला आणि २०२१ मध्ये त्याचा भाग कायमचा मिळाला. त्यांना त्या 'बहुधा'ने अडविले नाही. खटल्यात फाशी देताना आम्ही तो शब्द खपवून घेतला नसता. फुले वाहताना तो पुरेसा आहे असे आमचे मत झाले आहे.

एक गोष्ट मात्र मित्रांना सांगावयाची राहिली, ती येथे सांगतो. हैदराबादेत केतेवानच्या म्हणून मानलेल्या हाडाबरोबर त्याच परिसरातील आणखी दोन अवशेष तपासले गेले होते. त्यांचे मातृगोत्र आपल्या उपखंडात सर्वत्र आढळणारे निघाले. म्हणजे ती दोन माणसे, त्यांच्या आयांच्या बाजूने तरी, आपल्यातली. ती कोण होती, मठात कशी आली, धर्मांतरित होती की सेवक, की कोणा दुसऱ्याच पेटीतले पूज्य अवशेष होते, यातले काहीही हाड सांगत नाही आणि कागदही सांगत नाही. तिसरीला राणीचे नाव मिळाले, विमान मिळाले, दोन देशांचे मंत्री मिळाले. या दोघांना शास्त्रीय लेखात दोन व तीन असे क्रमांक आहेत. गेल्या सर्वपित्री अमावास्येला, घरच्यांची नावे आणि गोत्रे उच्चारून झाल्यावर, आम्ही काश्यप गोत्र म्हणून दोन ओंजळी अधिक सोडल्या. भटजींनी नाव विचारले. आम्ही क्रमांक सांगितले नाहीत.